महागाई खासदारांच्या पगाराला लागू होते, निराधाराच्या पेन्शनला का नाही?

पदरमोड

विषमतेचा विषय निघाला की आपल्याकडे अब्जाधीशांची यादी पुढे येते, कुणाच्या तरी लग्नाचा खर्च निघतो आणि दोन दिवसांत सगळं विरून जातं. माझा संताप त्याहून साध्या गोष्टीवर आहे. कुणाची रक्कम महागाईबरोबर वाढत राहील आणि कुणाची गोठून पडेल, हे संसदेत बसून ठरवलं जातं. आकडे सगळे उघड आहेत, पण ते एकमेकांशेजारी ठेवलेले दिसत नाहीत. म्हणून हा धागा.

प्राप्तिकर खातं दरवर्षी कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स जाहीर करतं. घर-जमीन विकणाऱ्यांना तो 'सीआयआय' म्हणून माहीत असतो. २००१-०२ साल म्हणजे १००, आणि २०२५-२६ साठी तो ३७६ आहे. एखादी जुनी रक्कम आज किती व्हायला हवी हे काढायचं, तर ती रक्कम गुणिले आजचा निर्देशांक भागिले त्या वर्षीचा निर्देशांक. बस.

२०१८ च्या वित्त कायद्याने खासदारांचा पगार ५०,००० वरून १,००,००० केला आणि त्याच फटक्यात तरतूद घातली की १ एप्रिल २०२३ पासून दर पाच वर्षांनी हा पगार याच निर्देशांकाप्रमाणे वाढेल. २०१८-१९ चा निर्देशांक २८०, २०२३-२४ चा ३४८. १,००,००० × ३४८ ÷ २८० = १,२४,२८६. मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली, पगार १,२४,०००, तोही १ एप्रिल २०२३ पासून लागू. दैनिक भत्ता २,००० चा २,५०० झाला, माजी खासदारांची पेन्शन २५,००० ची ३१,०००. यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागला नाही की उपोषणाला बसावं लागलं नाही. लोकप्रतिनिधीला नीट पगार असावा, या मताचा मी आहे. पुढचं वाचा.

इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन. २००७ मध्ये या नावाने योजना आली तेव्हा केंद्राचा हिस्सा महिना २०० रुपये होता. ६० ते ७९ वयासाठी आजही २०० आहे. २००७-०८ चा निर्देशांक १२९. २०० × ३७६ ÷ १२९ = ५८३ रुपये. खासदारांना लावलेलं सूत्र दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्या माणसाला लावलं असतं तर २०० चे ५८३ झाले असते. सतरा-अठरा वर्षांत दोन्ही मोठ्या आघाड्यांची सरकारं येऊन गेली.

ईपीएस-९५ (भविष्यनिर्वाह निधीच्या सभासद कामगारांची पेन्शन योजना) ची किमान पेन्शन: १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये. २०१४-१५ चा निर्देशांक २४०. आज हिशेबाने १,५६७ हवी. आहे १,०००.

आणि हे बघा. लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा मोठ्या राज्यांत २०१४ साली ७० लाख होती, जानेवारी २०२२ मध्ये ती ९५ लाख झाली. निवडणूक आयोगाने कारण काय दिलं? मतदार वाढले, आणि सीआयआय २४० वरून ३१७ झाला. निर्देशांक तोच, सुरुवातीचं वर्षही तेच २०१४. उमेदवाराच्या मांडवाचा खर्च महागला हे यंत्रणेला दिसलं. त्याच वर्षी ठरलेल्या १,००० रुपयांच्या पेन्शनला मात्र महागाई शिवलीच नाही असं धरून चाललंय.

अशा गोठलेल्या रकमा आणखी कुठल्या? आणि त्या गोठलेल्या राहण्यात कुणाचं भलं आहे? जाणकारांनी लिहावं.


ताळेबंद

गणित तपासलं, बरोबर आहे. दोन दुरुस्त्या करतो, दोन्ही महत्त्वाच्या.

पहिली. सीआयआय म्हणजे पूर्ण महागाई नव्हे. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे तो शहरी ग्राहक किंमत निर्देशांकातल्या सरासरी वाढीच्या ७५ टक्क्यांवर बेतलेला असतो. म्हणजे तुमचे ५८३ हे कमीत कमी आहेत. खऱ्या बाजारभावाने आकडा वर जाईल, आणि ज्याचा बहुतेक पैसा धान्य-तेल-डाळीवर जातो त्याचा आणखी वर.

दुसरी. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात (ही वृद्धापकाळ पेन्शन त्याचाच भाग आहे) सगळे २०० वाले नाहीत. ८० च्या पुढच्यांना २०११ पासून ५०० मिळतात, विधवा पेन्शन २०१२ पासून ३०० आहे. तेच सूत्र लावलं तर अनुक्रमे १,०२२ आणि ५६४ होतात (२०११-१२ चा निर्देशांक १८४, २०१२-१३ चा २००).

आता खर्च. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या सगळ्या कार्यक्रमाला ९,६५२ कोटी होते, आदल्या वर्षीही बरोबर ९,६५२ कोटीच. रक्कम गोठलेली आणि लाभार्थ्यांची कमाल संख्याही ठरलेली, म्हटल्यावर आकडा हलणार कुठून? सगळे २०० वालेच आहेत असं धरून जास्तीत जास्त वाढ काढली तरी तरतूद २८,००० कोटींच्या आसपास जाते. जादा सुमारे १८,५०० कोटी. त्या वर्षीचा केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी होता, त्याच्या ०.३७ टक्के.

तुलनेसाठी: २० सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढून कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के केला (सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, अधिभार-उपकर धरून २५.१७), नव्या उत्पादक कंपन्यांना १५. महसुलावरचा बोजा सरकारनेच सांगितला होता, वर्षाला १.४५ लाख कोटी. अंमल मागच्या १ एप्रिलपासून. तेव्हा "वित्तीय शिस्त" आडवी आली नाही.

गोठलेल्या रकमेचा उलटा नमुनाही आहे, वरच्यांना फायद्याचा. व्यवसाय कर. घटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० घेता येतात. ही मर्यादा १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २५० वरून २,५०० केली, तेव्हापासून तशीच. महाराष्ट्रात महिना १०,००० च्या वर पगार गेला की २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, झाले २,५०० (महिलांना २५,००० पर्यंत माफ). १२,००० पगाराचा वॉचमन २,५०० भरतो आणि ज्या इमारतीवर तो पहारा देतो तिथला महिना १२ लाख पगाराचा अधिकारीही २,५०० च भरतो. वॉचमनच्या वर्षाच्या पगाराचे १.७ टक्के, साहेबाचे ०.०२ टक्के. आणि हा कर महाराष्ट्रात आला कशासाठी? रोजगार हमीला पैसा उभा करायला, १९७५ साली.


मुद्दल

आकड्यांशी भांडण नाही, निष्कर्षाशी आहे.

केंद्राच्या रुपयात २४ पैसे कर्जाऊ येतात आणि २० पैसे नुसत्या व्याजात जातात (२०२५-२६). प्रत्येक योजना निर्देशांकाला बांधली तर हातपाय बांधलेला अर्थसंकल्प उरेल. दुष्काळ आला, महासाथ आली तर पैसा हलवायला जागा हवी की नको? शिवाय २०० हा फक्त केंद्राचा वाटा. महाराष्ट्र स्वतःची भर घालून निराधारांना १,५०० देतो. नुसता २०० चा आकडा दाखवणं अर्धवट आहे.

संपत्ती कराचं उदाहरण घ्या. १९५७ चा कायदा, ३० लाखांच्या वरच्या निव्वळ संपत्तीवर १ टक्का, आणि २०१३-१४ मध्ये जमा किती झाले तर १,००८ कोटी. २०१५ मध्ये तो काढून एक कोटीवरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावला, त्यातून ९,००० कोटींचा अंदाज होता. शहाणपणाचा निर्णय होता तो. श्रीमंतांवर कर लावताना वसूल काय होतं ते बघावं लागतं.

आणि विषमता वाढतेच आहे हेही सरळ नाही. जागतिक बँकेच्या आकड्यांत भारताचा गिनी (विषमतेचं माप, जितका कमी तितकी विषमता कमी) २०११-१२ मध्ये २८.८ होता, २०२२-२३ मध्ये २५.५ झाला.


पदरमोड

मुद्दल, राज्याच्या १,५०० चा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण तोच माझ्या तक्रारीचा गाभा आहे. केंद्राने आपला वाटा १८ वर्षं हलवला नाही, म्हणून श्रीमंत राज्यातला म्हातारा आणि गरीब राज्यातला म्हातारा यांत दरी पडली. राष्ट्रीय योजना असून जगणं पत्त्यावर ठरतंय.

गिनीबद्दल. २५.५ हा उपभोगखर्चाचा गिनी आहे, उत्पन्नाचा नाही, संपत्तीचा तर नाहीच. फरक साधा आहे. महिना १५,००० मिळवणारा १५,००० खर्च करतो. महिना १५ लाख मिळवणारा दोन लाख खर्च करतो आणि १३ लाख गुंतवतो. उत्पन्नातलं अंतर शंभर पटींचं, खर्चातलं तेरा पटींचं. ते १३ लाख उपभोगाच्या पाहणीत कुठेच उमटत नाहीत, उमटतात ते पुढच्या पिढीच्या मालमत्तेत. वर, घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत अतिश्रीमंत घरं सापडत नाहीत, सापडली तरी खरं सांगत नाहीत. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबने २०२४ मध्ये प्राप्तिकराची आकडेवारी जोडून हिशेब केला, त्यात २०२२-२३ साली वरच्या १ टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा निघाला. त्यांच्या पद्धतीवर वाद घालता येईल, पण ज्या गोष्टीबद्दल वाद आहे ती गोष्ट तरी ते मोजतात.

पाहणीचा सरकारी आकडाच घ्यायचा तर २०२३-२४ मध्ये ग्रामीण माणसी सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये होता. त्याच्या शेजारी २०० ठेवून बघा.


ताळेबंद

संपत्ती कराबद्दल मुद्दल यांचं वसुलीपुरतं म्हणणं बरोबर आहे. त्या कायद्यातून शेअर, म्युच्युअल फंड, मुदतठेवी या आर्थिक मालमत्ता वगळलेल्या होत्या. उरलं काय, तर सोनं, गाड्या, बंद फ्लॅट, शहरी रिकामी जमीन. श्रीमंतांची संपत्ती जिथे असते तीच वगळल्यावर १,००८ कोटीच जमणार.

पण कथा २०१५ ला थांबवू नका. कर काढला तो जादा अधिभाराच्या बदल्यात. पुढे पाच कोटींवरचा अधिभार ३७ टक्क्यांपर्यंत गेला आणि २०२३-२४ पासून नव्या करपद्धतीत तो २५ वर आणून ठेवला. सर्वोच्च दर ४२.७४ वरून ३९ टक्के. शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर कर १२.५ टक्के (वर्षाला सव्वा लाखापर्यंत माफ), आणि त्यावरचा अधिभार १५ टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे २४ लाखांच्या पुढच्या पगारातल्या शेवटच्या रुपयावर ३० टक्के आणि शेअर विकून मिळवलेल्या कोटीतल्या शेवटच्या रुपयावर १२.५. अदलाबदलीतला एक अर्धा २०१५ मध्ये गेला, दुसरा हळूहळू पातळ झाला.

अवांतर: वस्तू व सेवा करातही हेच बघा. तुमच्या बिलातला कर काढायचा तर किंमत × दर ÷ (१०० + दर). २९९ च्या मोबाइल रिचार्जमध्ये १८ टक्क्यांनी ४५ रुपये ६१ पैसे कर आहे. सोन्यावर ३ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल ५ वर आलं हे चांगलं झालं, पण कपडे धुण्याची पावडर १८ वरच राहिली. आणि व्यापाऱ्याला धंद्यासाठी केलेल्या खरेदीवरचा कर वजा करून मिळतो, घरगुती ग्राहकाला मिळत नाही. साखळीच्या शेवटी तोच उभा असतो.


उंबरठा

पदरमोड यांनी विचारलं, गोठलेल्या रकमा आणखी कुठल्या. रक्कम गोठली तर पैसा कमी मिळतो. उत्पन्नाची मर्यादा गोठली तर माणूस यादीतूनच बाहेर पडतो. ते जास्त वाईट आहे आणि त्यावर कमी बोललं जातं.

महाराष्ट्रातल्या मर्यादा बघा.

तिरंगी शिधापत्रिका, १ मे १९९९ पासून: पिवळ्या कार्डाला वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत, केशरीला एक लाखापर्यंत, वर शुभ्र. पाव शतक झालं.

अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंब, २०१३ चा निर्णय: ग्रामीण ४४,०००, शहरी ५९,०००, हे सगळ्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न. याच धाग्यातलं सूत्र लावलं (२०१३-१४ चा निर्देशांक २२०) तर ७५,२०० आणि १,००,८३६ होतात.

संजय गांधी निराधार: सर्वसाधारण अर्जदाराला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. दिवसाला ५८ रुपये, अख्ख्या घराला.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. घरातल्या एका माणसाने सरकारच्याच दराने वर्षात १४२ दिवस मजुरी केली की ४४,००० ओलांडले. दुसरं कुणी कमावतं नाही असं धरून हं. म्हणजे खरं उत्पन्न सांगणारं मजूर कुटुंब यादीत क्वचितच बसू शकतं. मग सेतूत स्वयंघोषणापत्र भरताना सगळे खालचा आकडा लिहितात, तलाठ्याचा अहवाल तसाच येतो, तहसीलदारांचा दाखला तसाच निघतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना तो आकडा खोटा आहे हे ठाऊक असतं.

याचा परिणाम असा की गरिबाचा हक्क कायम कच्च्या पायावर उभा राहतो. उद्या तक्रार झाली, गटातटाचं राजकारण झालं, पडताळणी निघाली, तर दाखला खोटा ठरवायला मिनिट लागत नाही. त्यात निराधार योजनेची प्रकरणं मंजूर करणाऱ्या तालुका समितीवर अशासकीय सदस्य राजकीय शिफारशीने येतात. ज्याच्या दाखल्यात खोट आहे असा माणूस समितीसमोर मान वर करून बोलेल का? मर्यादा खरी ठेवली तर तो ताठ उभा राहील. ती खोटी ठेवली की कुणाच्या तरी मेहेरबानीवर राहील. विषमतेचं राजकारण तालुक्यात असं चालतं, आणि त्याला कुठलाही पक्ष अपवाद नाही.

दुसरी अडचण इष्टांकाची, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या कमाल संख्येची. अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण ७५ आणि शहरी ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्या धरली आणि संख्या २०११ च्या जनगणनेवर ठरली: देशात ८१.३५ कोटी, महाराष्ट्राला ७ कोटी. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर जन्मलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना, वेगळी झालेली घरं, सगळी जुन्याच आकड्यात कोंबायची. म्हणून पात्र असूनही उत्तर येतं "इष्टांक शिल्लक नाही".

हे तोंडी ऐकून परत फिरू नका. पायऱ्या अशा:
अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. पोच नसेल तर अर्जच नव्हता असं होतं.
नकार लेखी मागा. कारण "इष्टांक नाही" असेल तर तसं लिहून मागा.
मग माहिती अधिकारात त्या तालुक्याचा मंजूर इष्टांक, सध्याची लाभार्थी संख्या आणि मागच्या १२ महिन्यांत कमी केलेली नावं (मृत्यू, स्थलांतर, ई-केवायसी नाही) कारणनिहाय मागा. ई-केवायसीअभावी नावं कमी झाली असतील तर तेवढी जागा रिकामी झालेली असते, आणि तिथेच तुमचा अर्ज पुढे सरकवता येतो.

पेन्शन मंजूर असूनही खात्यात येत नसेल तर नव्वद टक्के वेळा आधार जोडणी बघावी. थेट हस्तांतरणात पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की कुठली बँक दिसते ते कळतं. बऱ्याचदा कुठल्यातरी जुन्या, बंद पडलेल्या खात्याचं नाव निघतं.


कोरडवाहू

उंबरठा ताई, प्रतिसाद छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्यासारखा आहे.

माझी भर राज्यांच्या वाट्याबद्दल. मुद्दल म्हणतात राज्य १,५०० देतं. राज्याने द्यायचे कुठून? १५ व्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, पण उपकर आणि अधिभार त्या वाट्यात येत नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीतलं पेट्रोल घ्या. केंद्राचा कर लिटरला ३२.९०. त्यात मूळ अबकारी १.४०, विशेष जादा अबकारी ११, कृषी पायाभूत उपकर २.५०, रस्ते उपकर १८. सगळ्या राज्यांना मिळून वाटा फक्त १.४० मधला, म्हणजे ५७ पैसे. उरलेले ३२ रुपये ३३ पैसे केंद्राकडे. कर पुढे कमी झाला, रचना तीच राहिली. शेतमालावर कर शून्य म्हणतात, पण ट्रॅक्टर आणि टेम्पो डिझेलवर चालतात, ते भाजीच्या भावात चढतंच.

आणि इकडे उद्योगपतींची १६ लाख कोटींची कर्जं माफ. शेतकऱ्याने दोन लाखांची माफी घेतली की वर्षभर टोमणे.


ताळेबंद

कोरडवाहू, इथे थांबवतो, कारण चुकीच्या शब्दामुळे आपली बाजू दुबळी होते. दहा वर्षांतला १६.३५ लाख कोटी हा आकडा सरकारने संसदेत दिलेला आहे, पण ते निर्लेखन आहे, माफी नाही. बुडीत कर्जावर बँकेने पूर्ण तरतूद केली की ते ताळेबंदातून काढतात. कर्जदाराचं देणं उभंच राहतं, वसुली चालू राहते. सभेत "माफी" म्हटलं की समोरचा हा फरक सांगतो आणि विषय संपतो.

बरोबर प्रश्न असा: निर्लेखनानंतर वसूल किती झालं? दिवाळखोरी संहितेतून मान्य दाव्यांच्या ढोबळ एक तृतीयांश हाती लागतात. उरलेला तोटा बँकेने पचवला, आणि सरकारी बँकांना भांडवल अर्थसंकल्पातून दिलं गेलं. शेतकऱ्याच्या माफीचा आकडा अर्थसंकल्पात उघड दिसतो, मोठ्या कर्जाचा तोटा असा तीन दारांतून फिरून येतो. फरक दिसण्यातला आहे, आणि टोमणे दिसणाऱ्यालाच बसतात.


पदरमोड

"कुणाचं भलं" या प्रश्नाचं उत्तर उंबरठा यांनी तालुक्याच्या पातळीवर दिलं. वर काय चालतं ते लिहितो.

निर्देशांकाला बांधलेली रक्कम आपोआप वाढते. तिची घोषणा करता येत नाही, बॅनर लावता येत नाही. गोठवून ठेवलेली रक्कम निवडणुकीच्या तोंडावर वाढवता येते. २०२४ मध्ये जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० सुरू झाले. नोव्हेंबरच्या विधानसभेआधी महायुतीने २,१०० चं वचन दिलं, महाविकास आघाडीने ३,००० चं. दोघांतल्या एकानेही "दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढेल" असं एक वाक्य लिहिलं नाही. बाईला मिळणारा पैसा मला खुपत नाही, तो मिळायलाच हवा. खुपतं ते हे की तो हक्क म्हणून बांधून दिला जात नाही, दर पाच वर्षांनी बोली लावण्यासाठी हातात ठेवला जातो.

आणि बोली लावायला पैसा लागतो. उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही अट २०१७ मध्ये काढली, त्याच वर्षी कायद्यात निवडणूक रोख्यांची (नाव उघड न करता पक्षाला देणगी द्यायच्या साधनाची) तरतूद केली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केलं. तोवर सहाहून जास्त वर्षं गेली, त्यात दोन लोकसभा निवडणुकांची तयारी आली. पेन्शनवाल्याकडे रोखे नव्हते. म्हणून २०० चे ५८३ करा असं म्हणणारा गट कुठल्याच पक्षाच्या दारात उभा राहत नाही.


मुद्दल

बांधलेल्या खर्चाबद्दल माझा आक्षेप कायम आहे, पण उत्पन्नमर्यादेबद्दल उंबरठा यांनी माझं मत बदललं. मर्यादा निर्देशांकाला बांधल्याने खर्च आपोआप वाढत नाही, कारण इष्टांक वरून बंद आहे. नुसता खोटेपणा थांबेल. तेवढं तरी आधी व्हायला हरकत नाही. करायचं कसं?


शून्यप्रहर

संसदेच्या कामकाजापुरतं सांगतो.

अर्थसंकल्पाची वाट बघण्यात अर्थ नाही. अनुदानाच्या मागण्यांपैकी मोजक्या मंत्रालयांवर चर्चा होते, बाकी सगळ्या शेवटच्या दिवशी एकत्र मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. २३ मार्च २०२३ ला सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च लोकसभेत चर्चेविना मंजूर झाला. सामाजिक साहाय्य कार्यक्रम ग्रामविकास मंत्रालयाखाली येतो. त्या मंत्रालयाच्या मागण्या स्थायी समितीकडे जातात आणि ही पेन्शन वाढवा अशी शिफारस समितीने पुन्हा पुन्हा केली आहे. मंत्रालय काय कृती केली ते लेखी कळवतं, आणि ते कृती-अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. खासदाराकडे जाताना निवेदनाऐवजी तो अहवाल घेऊन जा, परिच्छेद क्रमांकासह.

खासदाराला सांगायचं ते भाषण करा म्हणून नाही, अतारांकित प्रश्न टाका म्हणून. लोकसभेत दिवसाला २३० अतारांकित प्रश्न लागतात, उत्तर लेखी मिळतं आणि कायम नोंदीत राहतं. नोटीस किमान १५ दिवस आधी लागते. प्रश्न बंद तोंडाचा हवा. "सरकार विचार करत आहे काय" असं विचारलं की "योजनांचा आढावा ही निरंतर प्रक्रिया आहे" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी असं विचारायचं: वृद्धापकाळ पेन्शनचा केंद्रीय हिस्सा शेवटचा कोणत्या तारखेला सुधारला, त्यानंतर वाढीचा प्रस्ताव वित्त मंत्रालयाकडे कोणकोणत्या तारखांना पाठवला, प्रत्येक वेळी काय उत्तर आलं.

उत्पन्नमर्यादेचं काम राज्याचं आहे, ती शासन निर्णयाने ठरते, कायदा बदलावा लागत नाही. म्हणून ते सोपं. विधिमंडळाच्या अधिवेशनाआधी आमदारामार्फत हाच प्रश्न विचारता येतो.


उंबरठा

मर्यादेसाठी माहिती अधिकाराचा मसुदा देते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखाली असाल तर शुल्क नाही, पुरावा जोडा.

"जन माहिती अधिकारी, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, मंत्रालय. विषय: प्राधान्य कुटुंब लाभार्थी निवडीसाठीची वार्षिक उत्पन्नमर्यादा (ग्रामीण ४४,०००, शहरी ५९,०००). कालावधी: २०१३ पासून आजपर्यंत. हवी असलेली माहिती: १) ही मर्यादा ठरवताना आधारभूत धरलेल्या आकडेवारीची व टिपणीची प्रत. २) मर्यादा सुधारण्याबाबत विभागाकडे आलेल्या व विभागाने पाठवलेल्या प्रस्तावांच्या प्रती, तारखांसह. ३) या विषयावरील नस्तीचे निरीक्षण करण्यासाठी दिनांक व वेळ."

तिसरा मुद्दा वगळू नका. प्रती देताना काही पानं राहतात, नस्ती, म्हणजे फाइल, समोर उघडली की टिपणीवर कुणी काय शेरा मारून ती थांबवली ते दिसतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप.


शून्यप्रहर

केंद्राच्या २०० रुपयांसाठी हाच अर्ज ग्रामविकास मंत्रालयाला केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून टाका. तिथे शब्दांऐवजी ३,००० अक्षरांची मर्यादा आहे आणि शुल्क १० रुपयेच. अर्ज वित्त मंत्रालयाकडे वर्ग झाला तर घाबरू नका, कलम ६(३) खाली तो पाच दिवसांत वर्ग करायचा असतो आणि नवा नोंदणी क्रमांक मिळतो. दोन्ही क्रमांक इथे लिहून ठेवा, म्हणजे तोच प्रश्न दुसरं कुणी पुन्हा विचारणार नाही, पुढचा विचारेल.